पाटकऱ्याची हाक

चारुशीला नांद्रेला कोणी विचारलं, "काय काम करता तुम्ही?" की ती गंभीर चेहऱ्यानं सांगायची, "पाणी सोडते." समोरचा बुचकळ्यात पडला की तिला भारी मजा वाटायची. मग ती खरं काय ते सांगायची, आणि बहुतेक वेळा समोरच्याला वाटायचं की पहिलंच उत्तर बरं होतं.

नाशिकच्या 'हस्तसेतू' केंद्रात ती नेटवर्क सांभाळायची. वरच्या मजल्यावर सर्जन बसायचे, हातात यंत्राच्या दोन नाजूक मुठी आणि समोर पडदा. त्यांनी मूठ केसभर वळवली की पार तिकडे डोंगरातल्या एखाद्या लहानशा ऑपरेशन थिएटरात यंत्राचं बोट केसभर वळायचं. मधलं अंतर दीडशे किलोमीटरचं असो की चारशेचं, सर्जनला ते जाणवायलाच नको. ते जाणवू न देणं हे चारूचं काम होतं, आणि ती त्यात वस्ताद होती. हे तिलाही माहीत होतं. उगाच कशाला नाही म्हणा.

पाण्याची गोष्ट तिच्या गावातून आली होती. पांझरेच्या काठी त्यांच्याकडे फडाची पद्धत होती. नदीला बंधारा, बंधाऱ्यातून निघालेला पाट, पाटाला फुटलेल्या चाऱ्या, आणि चाऱ्यांवर सगळ्या गावाच्या जमिनी. पण पाणी कोणी आपलं आपण घ्यायचं नाही. कुठली चारी कधी उघडायची, कुठली बंद ठेवायची, हे एकट्या पाटकऱ्यानं ठरवायचं. चारूचे वडील, म्हणजे नाना, गावचे पाटकरी होते. खांद्यावर फावडं टाकून ते बांधाबांधानं फिरायचे आणि मोठमोठे बागायतदार त्यांच्या तोंडाकडे बघत उभे राहायचे.

पूर्वीच्या नेटवर्कमध्ये पाटकरी नव्हताच. प्रत्येक स्विच आपल्यापुरतं ठरवायचा, आलेली माहिती पुढं कुठं ढकलायची ते. म्हणजे प्रत्येक चारीनं स्वतःची फळी स्वतः उचलायची. मग काय होईल ते सांगायला नको. नव्या पद्धतीत ठरवणारं डोकं एका जागी आलं आणि स्विच झाले नुसते सांगकामे. बरं, हे स्विच म्हणजे तरी लोखंडी डबे थोडेच? सर्व्हरच्या पोटात चालणारे प्रोग्राम ते. हवे तेव्हा उभे करा, हवे तसे वळवा. त्या ठरवणाऱ्या डोक्याचं नाव चारूनं 'पाटकरी' ठेवलं, आणि ते असं रुळलं की कंपनीच्या कागदपत्रांतसुद्धा तेच लागलं.

प्रत्येक गावाच्या केंद्रापर्यंत तीन लाइनी जायच्या. एक हमरस्त्याच्या कडेनं जमिनीखालून, एक घाटातल्या खांबांवरून, आणि एक डोंगरमाथ्यावरच्या तबकड्यांमधून, हवेतून. या तिन्ही बांधून एकच मोठी लाइन केलेली असायची. वापरणाऱ्याला एकच दिसायची. एक तुटली तर तिचं ओझं उरलेल्या दोघी मुकाट उचलायच्या. पण यात एक मेख होती. सर्जनच्या हाताच्या हालचाली तीन लाइनींवर वाटून पाठवता येत नाहीत. एखादी लाइन जराशी मंद असली की मागचं पुढं व्हायचं. इकडून आधी 'धर' सुटावं, मग 'काप', आणि तिकडे आधी 'काप' पोचावं, म्हणजे संपलंच की! म्हणून हात सगळा एका लाइनीवर, पडद्यावरचं चित्र दुसरीवर, आवाज आणि नाडीबिडीचे आकडे तिसरीवर.

मग हाताची लाइनच तुटली तर? तिथं चारूची करामत होती. लाइन एकदम मरत नाही. आधी ती कुरकुरते, अडखळते, तिच्यातल्या चुका वाढायला लागतात. पाटकऱ्याला तिनं ही कुरकुर ओळखायला शिकवलं होतं. लाइन मरायच्या आधीच तो हाताचा सगळा प्रवाह दुसरीवर उचलून ठेवायचा, आणि सर्जनच्या बोटांना त्याचा पत्ताही लागायचा नाही.

सर्जनच्या पडद्यावर कोपऱ्यात एकच दिवा होता, हिरवा. सुरुवातीला तीन होते, लाइनीगणिक एक. पण एखादा पिवळा झाला की सर्जन अस्वस्थ व्हायचे, हात आखडायचे. तेव्हा चारूनंच सुचवलं होतं, "तीन कशाला? जोवर काम चाललंय तोवर एकच हिरवा दाखवू. बाकीची काळजी आपण करू ना." सगळ्यांना ते पटलं. तिनं नियमच लिहून काढला: ऑपरेशन सुरू असताना लाइनीची स्थिती सर्जनला कळवू नये.

हे तिला कुठून सुचलं, ते तिनं कधी कोणाला सांगितलं नव्हतं.

ती पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. परीक्षा सुरू होती आणि घरून फोनावर फोन येत होते. एरवी आठवड्यातून एकदा बोलणारे तात्याकाका रोज बोलायला लागले. मामा बोलले. चुलतभाऊ प्रवीण तर दिवसाआड विचारायचा, "पेपर कसा गेला गं?" नाना कुठायत म्हटलं की कोणी सांगायचं पाटावर गेलेत, कोणी सांगायचं आत्ताच डोळा लागलाय. चारूला आपलं बरं वाटत होतं, सगळे किती आठवण काढतात! शेवटचा पेपर देऊन ती एसटीतून उतरली आणि दारात आई दिसली. आईच्या कपाळावर कुंकू नव्हतं. तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं.

"तुला कळलं असतं तर तू पेपर टाकून आली असतीस," आई म्हणाली होती. "वर्ष गेलं असतं तुझं."

आणि चारूनं ते मान्य केलं. मान्य करावंच लागलं, नाहीतर इतक्या माणसांवर रागवायचं कसं? पुढं तर ती मैत्रिणींना सांगायची, "बरंच केलं त्यांनी." एक लाइन तुटली, बाकीच्यांनी ओझं उचललं, दिवा हिरवाच राहिला. यात वाईट काय?

फाल्गुन सरत आला होता. सकाळी चारू जागेवर येऊन बसली तेव्हा तिचं अर्धं लक्ष पिंपळबारीकडे होतं. पिंपळबारीच्या केंद्रात आज तिच्या आईचं ऑपरेशन होतं. "पित्ताचा खडा आहे, बाकी काही नाही," आई फोनवर म्हणाली होती. "तू येऊ नकोस. इथं प्रवीण आहे. तुझं काम सोडून कशाला?" चारूनं ड्यूटी मागून घेतली होती. आईच्या उशाशी बसण्यापेक्षा आईची लाइन सांभाळणं जास्त कामाचं, असा तिचा हिशोब. रुग्ण आपली आई आहे हे तिनं शेजारच्या टेबलावरच्या मोघेसाहेबांनाही सांगितलं नव्हतं. त्यांनी लगेच उठवलं असतं.

पिंपळबारीच्या तीनपैकी एक लाइन आधीच मेलेली होती. रस्तारुंदीकरणात जेसीबीनं केबल उचकटली, त्याला महिने लोटले. चारूनं तक्रारी केल्या होत्या. दर वेळी ठेकेदार विचारायचा, "ऑपरेशनं अडलीत का तुमची?" अडली नव्हती. "मग?" तो म्हणायचा. यावर चारू फोन ठेवून द्यायची, कारण ऑपरेशनं अडत नाहीत याचंच तर तिला कौतुक होतं.

कानात डॉक्टर रोहिणी टिपणीसांचा आवाज आला. वरच्या मजल्यावर बसलेल्या या बाई बोलायला फटकळ आणि हाताला अत्यंत हळुवार. कापण्याआधी रुग्णाची ओळख आणि ऑपरेशनचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणायचं, ही त्यांची शिस्त.

"हं, गावित, म्हणा."

पिंपळबारीच्या थिएटरात उभे असलेले डॉक्टर गावित म्हणाले, "रुग्ण सुशीलाबाई नांद्रे. डाव्या किडनीवरची गाठ. गाठीपुरता भाग काढून किडनी वाचवायची आहे."

चारूला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. किडनी? गाठ? तिनं टेबलाची कड घट्ट धरली. खडा म्हणाली होती ना ही! प्रवीणही म्हणाला होता खडा. परवा मामांनी फोन करून "खड्याचं काय एवढं, माझाही काढला" म्हणून सांगितलं होतं. अरे देवा. म्हणजे पुन्हा सगळे पाळीपाळीनं बोलत होते.

रागानं तिचे कान तापले. पण पडद्यावर प्रवाह सुरू झाले होते, हात, चित्र, आवाज, आणि पाटकरी त्यांना वाटा देत होता. तिनं नजर पडद्यावरच ठेवली.

ऑपरेशन सुरेख चाललं होतं. टिपणीसबाई अधूनमधून गावितांशी बोलत होत्या. "आता ही शीर बघा. किडनीचं सगळं रक्त हिच्यातून येतं. हिला चिमटा लावायचा, रक्त थांबलं की गाठ कापायची, शिवायचं आणि चिमटा काढायचा. एकदा चिमटा लावला की मला रेंगाळता येणार नाही, आणि थांबताही येणार नाही."

तेवढ्यात घाटातली लाइन कुरकुरायला लागली.

चारूनं पाहिलं तोवर पाटकऱ्यानं हाताचा प्रवाह डोंगरमाथ्यावरच्या लाइनीवर नेऊन ठेवलाही होता. घाटातल्या चौकीवरून निरोप आला: डोंगराला वणवा लागलाय, खांब पेटलेत. लाइन गेली. आता हात, चित्र, आवाज, सगळं एकाच लाइनीवर. जागा पुरावी म्हणून पाटकऱ्यानं चित्राच्या कडा जराशा पुसट केल्या, कळणारही नाही इतक्या. वर टिपणीसबाईंच्या पडद्यावर दिवा हिरवागार.

"साहेब," चारू मोघ्यांना म्हणाली, "पिंपळबारीला एकच उरलीय. बाईंना सांगायला हवं."

मोघ्यांनी वाकून पाहिलं. "तबकडीची ना? ती टिकते हो. आणि नियम काय आहे? तुम्हीच लिहिलाय की." ते वाईट माणूस नव्हते. "ऐन वेळी सांगून त्यांचा हात थरथरला तर? घाबरवून काय मिळणार?"

अगदी हेच. शब्दन् शब्द हेच तिनं लिहिलं होतं. आणि खरं सांगायचं तर तिलाही वाटत होतं की लाइन टिकेल. पाटकऱ्याचा अंदाजही तोच होता.

तिला नाना आठवले. पाट फुटला की नाना काय करायचे? पाणी दुसऱ्या चारीला वळवायचे, हे खरं. पण त्याआधी बांधावर उभं राहून बेंबीच्या देठापासून हाक मारायचे, "पाट फुटला होऽऽ!" घराघरातून एकेक माणूस फावडं घेऊन निघायचा. ज्याच्या शेताला पाणी पोचत होतं तोही निघायचा. पाणी वळवण्यापेक्षा ती हाक मोठी होती. चारूनं यंत्राला नानांचं नाव दिलं, पाणी वळवायला शिकवलं, आणि हाक तेवढी काढून टाकली.

"चिमटा," टिपणीसबाई म्हणाल्या.

चारूनं बोलायचं बटण दाबलं. "मॅडम, थांबा. नेटवर्कमधून बोलतेय. पिंपळबारीची एकच लाइन शिल्लक आहे. ती गेली तर तुमचा हात जागच्या जागी थांबेल."

मोघ्यांनी कपाळाला हात लावला.

"एकच?" टिपणीसबाईंचा आवाज आला. "मला इथं हिरवा दिसतोय."

"तो नेहमीच हिरवा दिसतो, मॅडम."

"अस्सं." त्या एका शब्दात पुढच्या सगळ्या बोलण्यांची तयारी होती. "टिकेल का?"

"मशीन म्हणतंय टिकेल. मी खात्री देऊ शकत नाही."

टिपणीसबाईंनी श्वास सोडलेला ऐकू आला. "गावित, मी आता हात काढून घेतला तर तुम्ही पोट उघडून पुढचं कराल?"

"पूर्ण किडनी काढता येईल मला. केलंय मी," गावित म्हणाले. मग प्रामाणिकपणे म्हणाले, "वाचवायचं मात्र जमणार नाही, मॅडम."

चारूच्या घशाशी शब्द आले. मॅडम, माझी आई आहे ती. राहू दे, मी म्हटलं ते विसरा, चिमटा लावा. बटणावर तिचं बोट तसंच होतं. पण हे बोलले तर त्या लाइनीचं ऐकून ठरवतील, की एका मुलीचं? तिनं बोट उचललं.

"उजवी धडधाकट आहे, संमती दोन्ही ऑपरेशनांची घेतलीय," टिपणीसबाई म्हणाल्या. "शिरा मोकळ्या केल्यात, तशीच मिटवून पुन्हा कधी करू म्हणणंही धोक्याचं. बाईंचा जीव मी एका दोरीवर टांगणार नाही. उघडा. लाइन आहे तोवर मी डोळा ठेवते तुमच्यावर."

गावितांनी पोट उघडलं. टिपणीसबाई एकेक पायरी सांगत राहिल्या, न चिडता, न घाई करता. किडनी निघाली. रक्त फार गेलं नाही. टाके पडले. आणि डोंगरमाथ्यावरची ती लाइन? ती शेवटपर्यंत टिकली. पुढं दिवसभर टिकली. एकदा म्हणून अडखळली नाही.

मोघे उठता उठता म्हणाले, "बघितलंत?" त्यात कुचकेपणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं. चारू जिन्यात जाऊन ढसाढसा रडली.

दुसऱ्या दिवशी ती पिंपळबारीला पोचली. आई उशाला टेकून बसली होती, चेहरा उतरलेला, पण केस नीट विंचरलेले. चारूला बघून तिनं आधी प्रवीणकडे डोळे वटारले.

"हिला कोणी कळवलं?"

"मला कोणी कळवायची गरज नाही," चारू म्हणाली. "मीच होते लाइनीवर. आई, खडा होता ना तुला?"

आई खिडकीबाहेर बघायला लागली. प्रवीण पाण्याची बाटली भरायच्या निमित्तानं सटकला.

"ऐक," चारू म्हणाली. "तुझी किडनी वाचली असती. मी डॉक्टरांना मधेच सांगितलं म्हणून त्यांनी बेत बदलला. आणि लाइन काही तुटली नाही. म्हणजे माझ्यामुळे गेली ती."

आईनं तिच्याकडे वळून पाहिलं. "मग सांगतेस कशाला? गप्प राहिली असतीस तर मला काय कळणार होतं?"

"काही कळलं नसतं. म्हणूनच सांगतेय."

आईनं चादरीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. मग हळूच म्हणाली, "नानांच्या वेळचं अजून आहे का गं मनात?"

"आहे," चारू म्हणाली. इतक्या वर्षांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून निघाला. "त्या दिवसांत मी मैत्रिणींबरोबर सिनेमाला गेले होते, आई. पेपरांच्या मधे सुट्टी होती. इथं नानांना नेत होते आणि मी तिकडे हसत होते. वर्ष गेलं असतं तर गेलं असतं."

आईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. पोटावरच्या टाक्यांना ओढ बसते म्हणून तिला नीट रडताही येत नव्हतं. चारूनं तिचा हात हातात घेतला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.

चौकशी झाली. नियम मोडला, त्यातून रुग्ण आपली आई हे लपवलं. दुसरी गोष्ट चारूनं खाली मान घालून कबूल केली. पहिलीबद्दल टिपणीसबाई स्वतः आल्या होत्या. "माझ्या पडद्यावर खोटा दिवा लावून मला धीर देणारे तुम्ही कोण? माझा हात थरथरला तर तो माझा प्रश्न," त्या कडाडल्या. मग चारूकडे वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही! इतके दिवस झोपला होतात काय?" तिला एक समजपत्र मिळालं आणि सर्जनच्या पडद्यावर तीन दिवे परत आले. काही सर्जनांनी कुरकुर केली. पण पिवळा दिवा दिसला की तेच आता तिकडच्या ठेकेदाराला फोन लावायचे, आणि सर्जनचा फोन म्हटल्यावर ठेकेदार धावायचा. हमरस्त्याची मेलेली केबल महिनाभरात जोडून झाली.

चैत्रातली दुपार होती. वर कोणाचंतरी ऑपरेशन चाललं होतं, आणि चारूचा फोन वाजला. पडद्यावर आईचं नाव. ही काही तिची वेळ नव्हती. काही असलं की आधी प्रवीण बोलायचा, मग मामा, मग सगळं गोड करून झालं की आई.

"चारू, कामात आहेस का गं?"

"हो, ऑपरेशन सुरू आहे इथं."

"मग नंतर—" आई थांबली. तिकडे कोणीतरी काहीतरी बोललं, बहुतेक प्रवीण. आई त्याच्यावर खेकसली, "तू थांब रे." मग पुन्हा फोनवर आली. "नाही, आत्ताच सांगते. गाठीचा रिपोर्ट आला. वाईट निघाली ती. डॉक्टर म्हणतात पसरली नसावी, पण नक्की काय ते पुढच्या तपासण्यांत कळेल. रिपोर्ट प्रवीणनंच आणला, बाकी कोणाला मी अजून सांगितलं नाही. तुलाच पहिलं सांगतेय."

चारूला रडू फुटलं. आणि तरीही, त्याच क्षणी, तिला कोणीतरी जवळ घेतल्यासारखं वाटलं. ती रडत होती, आणि ते आईला ऐकू जात होतं, आणि आज दोघींपैकी कोणीही ते लपवत नव्हतं.

"घाबरलीस?" आईनं विचारलं.

"हो. तू?"

"मी पण," आई म्हणाली. "कालपासून अन्न गेलं नाही."

"निघते मी. आत्ताच निघते."

"ये," आई म्हणाली. "पण तिथल्यांना सांगून नीघ."